मी न पाहिलेला गवा

या अंकाचा संपादक रवी हा माझा जुना विद्यार्थी. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. "सर, नोकरीतले अनुभव लिहून द्या. बाकी काही लिहा, नका लिहू; पण गव्याचा किस्सा पायजेच."

गव्याचा किस्सा म्हणजे, मी तरुणपणी नवेगावच्या जंगलात, पहाटे, तळ्याच्या काठी रानगवा पाहिला त्याची हकिकत. ती मी दरवर्षी वर्गात सांगत आलो. विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या ती ऐकून पास झाल्या. मागच्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तेव्हा रवीनं माझी नक्कल करत ती सगळीच्या सगळी म्हणून दाखवली. चष्मा कपाळावर, खडू कानावर, आणि आवाज खाली आणून, "मुलांनो, मी श्वास रोखला!" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मीही टाळ्या वाजवल्या.

तर रवी, किस्सा पाठवतो आहे. त्यात एकच दुरुस्ती आहे. मी गवा पाहिला नव्हता. नवेगावला नाही, कुठेच नाही. आणि ही थाप मारताना मी ज्या माणसाला खाली पाडलं, त्याचं नाव तुम्ही सगळे विसरलात. मी विसरलो नाही.

आधी माझा धंदा काय होता ते सांगतो. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण यात कॉलेजची काही चूक नाही. मूळ मी नागपूरचा. पहिली काही वर्षं अपडाऊन केलं. सकाळच्या गाडीनं वरठीला उतरायचं, स्टेशनाजवळ ठेवलेली सायकल काढायची आणि पायडल मारायचं. रस्त्यात कारखान्याचे कामगार भेटायचे. त्यातल्या एकानं एकदा विचारलं, "सर, तुमच्या कॉलेजात तुम्ही काय करता?"

"तत्त्वज्ञान शिकवतो."

"ते बरोबर. पण त्याच्यातून बनते काय?"

तो स्टील बनवायचा, म्हणून त्याचा प्रश्न रास्त होता. निवृत्त होईपर्यंत मला त्याचं उत्तर सापडलं नाही.

आमच्या विषयात एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या बळावर? न्यायशास्त्र याच्या चार वाटा सांगतं. पहिली प्रत्यक्ष. डोळा, कान, नाक यांचा वस्तूशी थेट संबंध आला की जे कळतं ते. मधे कोणी सांगणारा नाही, तर्क नाही. चिन्नोरचा भात शिजत असताना घरभर जो वास सुटतो, तो ज्याच्या नाकात गेला त्याला ठाऊक. ज्याच्या गेला नाही त्याला मी तासभर समजावलं तरी त्याच्या हाती शब्दच लागणार. दुसरी वाट अनुमान, म्हणजे डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग असणार. तिसरी उपमान, तिच्याकडे नंतर येतो. चौथी शब्द. भरवशाच्या, स्वतः जाणणाऱ्या माणसानं सांगितलं म्हणून आपण मानतो. अशा माणसाला शास्त्रात आप्त म्हणतात.

प्रत्यक्षाचा धडा मी जीव ओतून शिकवायचो. बाकीच्या वाटा शेवटी त्याच्यावर उभ्या आहेत, असं सांगायचो. अनुमान करायला आधी कोणीतरी धूर आणि आग एकत्र पाहिलेले असावे लागतात. विद्यार्थी मात्र त्याचा असा उपयोग करायचे की शास्त्रकारांनी पोथी मिटून ठेवली असती. डोळ्यांनी दिसतं तेवढंच प्रत्यक्ष नव्हे, स्वतःचं सुख, दुःख, वेदना मनाला थेट कळते, तेही प्रत्यक्षच, असं मी एका सोमवारी शिकवलं. मंगळवारी मोहाडीकडून येणारी वैशाली नावाची मुलगी दुसऱ्याच मिनिटाला उभी राहिली.

"सर, माझं डोकं दुखून राहिलं. घरी जाऊ?"

"काल तर ठणठणीत होतीस."

"सर, हे मानस प्रत्यक्ष आहे. याले पुरावा मागता येत नाही. तुम्हीच सांगितलं."

मी तिला जाऊ दिलं. मोहाडीचा आठवडी बाजार त्याच दिवशी होता हे मला मागाहून कळलं. परीक्षेत त्या प्रश्नाला तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले, आणि ते योग्यच होते.

असा हसतखेळत आमचा कारभार चालायचा. आता उपमान.

उपमानाचं शास्त्रातलं उदाहरण ठरलेलं आहे आणि शेकडो वर्षं तेच चालत आलं आहे. एक शहरातला माणूस आहे. त्याला गवय, म्हणजे गवा, कसा असतो ठाऊक नाही. एक अरण्यात राहणारा माणूस त्याला सांगतो, "गवा गाईसारखा असतो." पुढे तो शहरी माणूस रानात जातो, त्याला गाईसारखा एक प्राणी दिसतो आणि त्याला कळतं की यालाच गवा म्हणतात. झालं उपमान. मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो. गाय मी पाहिली होती, गवा पाहिला नव्हता, आणि त्यानं माझं काही अडत नव्हतं.

तीसेक वर्षांपूर्वी वर्गात तुळशीराम कोडापे नावाचे एक विद्यार्थी होते. वय चौतिसाच्या आसपास. जंगल खात्यात वनरक्षक होते. पदवी झाली तर रेंजरच्या परीक्षेला बसता येईल म्हणून त्यांनी बी.ए.ला नाव घातलं होतं. ड्यूटी सांभाळून, खाकी कपड्यांतच सायकलवर यायचे आणि तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायचे. पोरं त्यांना मामा म्हणत. त्यांच्या वहीत माझं प्रत्येक वाक्य असायचं. इतर विद्यार्थी परीक्षेपुरतं ऐकायचे, हा माणूस खरं की खोटं हे तपासत ऐकायचा. मला ते आवडायचं, आणि थोडं खुपायचंही.

मी फळ्यावर लिहिलं, 'गवा गाईसारखा असतो.' कोडापे उभे राहिले.

"सर, एक सांगू का जी?"

"सांगा."

"गवा गाईसारखा नाही राहत जी. रेड्यासारखा म्हणा पायजे तं, पण त्याच्याहून मोठा. काळं आंग अन् चारही पाय गुडघ्यापासून पांढरे, जसे कोणी चुन्यात बुडवून काढले. पाठीवर उंचवटा राहते. गाय समजून कोणी जवळ गेला तं वापस नाही यायचा."

वर्ग हसला. ते कोडाप्यांच्या शेवटच्या वाक्याला हसले होते. मला वाटलं, मला हसले.

"पुस्तकात गाईसारखा असंच दिलं आहे," मी म्हणालो.

"हो जी. पण ज्यानं लिवलं त्यानं पाहिला का?" मग अगदी सरळ, काही खोट न ठेवता त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिला का, सर?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. तो माझ्या आयुष्यातला उत्तम तास झाला असता. शास्त्रातला अरण्यवासी माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसला होता. आणि मी, नागपूरचा माणूस, त्याला गवा कसा असतो ते सांगत होतो. हे मला तेव्हाच दिसलं. दिसलं म्हणूनच राग आला.

"पाहिला आहे," मी म्हणालो. "नवेगावच्या जंगलात, पहाटे, तळ्याच्या काठी. तपकिरी रंगाचा. हुबेहूब गाईसारखा."

मला तिथे थांबता आलं असतं. पण थाप एकटी उभी राहत नाही, तिला टेकू लागतो.

"तुम्ही पाहिला तो रानरेडा असेल, कोडापे," मी म्हणालो.

"रानरेडा आपल्या जंगलात नाही राहत, सर."

"राहतो की! तिसऱ्या बाकावर बसतो."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. कोडापे खाली बसले आणि त्यांनी वही मिटली. मधल्या सुट्टीत त्यांच्या सायकलच्या मडगार्डवर कोणीतरी खडूनं 'रानरेडा' लिहिलं. मी ते पाहिलं. ते मात्र मी नक्की, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुसलं नाही.

चार दिवस ते आले, पाचव्या दिवसापासून आले नाहीत. वर्षाच्या शेवटी प्राचार्यांनी हजेरीपट पाहून विचारलं, "हे कोडापे का सोडून गेले?" मी म्हणालो, "बदली झाली, सर." बदली झाली नव्हती. हजेरीपटात माझ्या अक्षरात अजूनही ते 'बदली' असेल, वाळवीनं दया केली नसेल तर.

पुढच्या वर्षी उपमान आलं तेव्हा नव्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही खरंच गवा पाहिला म्हणे?" आता काय करणार? सांगितला. त्या वर्षी धुकं आलं. त्याच्या पुढच्या वर्षी गव्याच्या तोंडातून पाणी ठिबकू लागलं. मग दोन गवे झाले, पण ते पचेना म्हणून पुन्हा एकच केला. दहा वर्षांत गोष्ट इतकी देखणी झाली की मलाच ती आठवू लागली. तळ्याचा काठ, ओली माती, समोर तो. आमच्या शास्त्रात आठवणीला प्रमाण मानत नाहीत. का मानत नाहीत, हे मला कुठल्या ग्रंथानं नाही, या गव्यानं शिकवलं.

वर्गात मी भ्रमही शिकवायचो. अंधारात दोरी पडलेली असते आणि आपल्याला साप दिसतो. तो भ्रम, त्यात माणसाचा दोष नाही. मी तर दोरीही पाहिली नव्हती.

घरी मात्र गव्याची डाळ शिजली नाही. माझी बायको कुसुम भंडाऱ्याची. एकदा एक विद्यार्थी पेढे घेऊन आला आणि तिच्यासमोर गव्याचं कौतुक करून गेला. तो गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही कधी गेले होते जंगलात? गोचीड लागते म्हणून तुम्ही तर माझ्या मामाच्या वाडीत पाय नाही ठेवत."

"लग्नाआधी गेलो होतो."

"असं का!" ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर घरात काही सापडेनासं झालं की ती म्हणायची, "गवा दिसते, चष्मा नाही दिसत." पण चारचौघांत तिनं मला कधी उघडं पाडलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारात एकदा हसत म्हणाली, "त्या कोडाप्यांले तरी एकदा भेटून या." तिला मी कोडाप्यांबद्दल कधी सांगितलं होतं, आठवत नाही. झोपेत बोललो असेन.

मेळाव्यात टाळ्या वाजवून घरी आलो, ते हे वाक्य डोक्यात घेऊनच. रवीकडून माग काढला. कोडापे निवृत्त होऊन अड्याळच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावी राहत होते. एप्रिलमध्ये मी बसनं गेलो. वय पंच्याहत्तर, गुडघे दोन्ही नाराज. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्या वासाचं वर्णन करत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे.

कोडाप्यांनी मला लगेच ओळखलं. केस पांढरे, पाठ ताठ. "अजी सर! बसा न जी. एवढ्या उन्हात कायले आले? फोन करायचा न."

पाणी झालं, चहा झाला. मी तीन वेळा पावसापाण्याचं बोललो. मग म्हटलं, "कोडापे, मी गवा पाहिला नव्हता."

"ठाऊक हाय मले."

"कधीपासून?"

"तवाच. गवा पाहिलेला माणूस पह्यले सांगते का मी कसा भेलो. मंग बाकीचं. तुम्ही पह्यले जागा सांगितली, मंग रंग."

'मी श्वास रोखला' हे वाक्य मी दुसऱ्या वर्षी घातलं होतं. तेव्हा कोडापे वर्गात नव्हते.

"मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मास्तर खोटा बोलून राहिला असं कसं म्हणू जी? मी शिकाले आलो होतो." त्यांनी मोहफुलं हातानं सारखी केली. "राग लय आला होता, सर. खोटं नाही सांगत. ते नाव मातर डिपार्टमेंटात पोचलं. साहेब लोक बी रानरेडा म्हणत. माह्या पोराले शाळेत रेडकू म्हणत." आणि ते हसले. मला हसता आलं नाही.

"माझ्यामुळे तुमचं बी.ए. राहिलं. तुम्ही रेंजर झाला असता."

"बी.ए. राहिलं ते तुमच्यामुळेच. ते मी नाही लपवत. पण रेंजर झालो असतो का नाही, ते ना तुमाले ठाऊक, ना मले. कोणी पाहिलं?"

मी माफी मागितली. त्यांनी 'जाऊ द्या' म्हटलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. मग ते म्हणाले, "माफीचं मी काय करू जी? माहं एकच म्हणणं हाय. त्या दिवशी वर्गात मी खरं सांगत होतो. त्या पोट्ट्याईले आजवर ठाऊक नाही. त्यांले सांगा."

"लिहून सांगतो. छापून येईल."

"तं मंग सकाळी चला माह्यासंगं. लिवाच्या आधी पाहून घ्या."

रात्री तिथेच राहिलो. सकाळी उजाडताना जंगलाच्या फाटकावर गेलो. गाईड म्हणून गावचीच सुनीता नावाची मुलगी होती, कोडाप्यांना आबाजी म्हणणारी. जीपमध्ये पुढे ती, मागे आम्ही दोघं म्हातारे.

कोडापे त्या दिवशी जे शिकवत होते ते अनुमान मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं होतं. ओल्या मातीत खूर उमटलेला. "हा रातचा नाही, आत्ताचा. कड मोडली नाही पाहा." बांबूचे कोवळे शेंडे खुडलेले. "एवढ्या उंच कोण पोचते?" शेणाचा ढीग, त्यातून वाफ निघत होती. मी नाकाला रुमाल लावला, तर म्हणाले, "घ्या जी वास. त्याच्याच जवळ येऊन राहिलो आपण."

पाणवठ्याच्या वळणावर सुनीतानं हात वर केला. जीप थांबली. डाव्या हाताला बांबूचं दाट बेट होतं. आतून एक जाड फुस्कारा आला, काडकन काहीतरी मोडलं, आणि बेटाच्या मागे एक काळी सावली हलली. मग पानं थरथरली आणि सगळं शांत झालं.

"गेला! केवढा होता!" सुनीता कुजबुजली. "काका, दिसला न?"

माझे हात जीपच्या दांडीला घट्ट चिकटले होते. कोडापे माझ्याकडे पाहत होते. तीस वर्षांची गोष्ट आता खरी करून घ्यायला एका शब्दाचं काम होतं. सुनीतानं साक्ष दिली असती. रवीनं फोटो मागितला नसता.

"पाहिला का जी, सर?" कोडाप्यांनी विचारलं.

"भेलो, ते खरं," मी म्हणालो. "काहीतरी काळं हललं. तो गवा होता, असं तुम्ही दोघं म्हणता म्हणून मी मानतो. मी पाहिला नाही."

सुनीता हिरमुसली. "काका, थांबू का अजून?"

कोडापे मात्र मांडीवर हात मारून हसले. "नको वो. सर पास झाले. चाल."

परतताना फाटकावर पर्यटकांच्या नोंदीची वही होती. कोणते प्राणी दिसले तो रकाना भरायचा असतो. माझ्या आधीच्या माणसानं दोन बिबटे लिहिले होते. मी लिहिलं, 'मोर, चितळ. गवा दिसला नाही.' कोडाप्यांनी ते वाचलं आणि खाली आपली सही केली, निवृत्त वनरक्षक म्हणून, हुद्द्यासकट.

तर रवी, आणि त्या वर्गातल्या सगळ्या मुलांनो, जी आता आजोबा होत आहेत. मी गवा पाहिलेला नाही. तुळशीराम कोडापे यांनी पाहिलेला आहे. तो काळा असतो, रेड्याहून मोठा असतो आणि त्याचे पाय गुडघ्यापासून पांढरे असतात. हे मी त्यांच्या सांगण्यावरून लिहितो आहे.